घर न्यायचं की ठेवायचं?

लावणी आटपली असेल, वरकसावर नाचणी उभी राहिली असेल, आणि आता दुपारी तासभर पाठ टेकायला मिळत असेल असं धरून आम्ही बोलायला बसलो आहोत.

आमच्या महाड-पोलादपूरच्या गटांच्या बैठकीत एक विषय हल्ली सारखा येतो, आणि तो सरळ येत नाही, कर्जाच्या अर्जाआडून येतो. "प्रवासाला पैसे हवेत." "खोलीचं डिपॉझिट भरायचंय." कशाची खोली म्हणून विचारलं की मग कळतं, मालकांना दुसऱ्या राज्यात काम लागतंय. कुणाला गुजरातेत दहेजला, कुणाला आंध्रात विशाखापट्टणमला, कुणाला पार हिमाचलात बद्दीला. महाडच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात दहा-बारा वर्षं काम करून हात बसलेला माणूस तिकडे चालतो. पगार इथल्यापेक्षा बरा असतो. माणूस जाणार हे जवळपास ठरलेलंच असतं. बाईच्या पुढे प्रश्न उरतो तो एकच: बिऱ्हाड न्यायचं, की आपण मागे राहायचं?

आम्हाला वाटलं, हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी तो भोगलेला आहे. तेव्हा त्याचा मागचा हिशोब एकदा नीट मांडून बघू.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली काढली आणि 1856 मध्ये तिचं काम सुरू झालं. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. त्यांना माणसं कुठून मिळाली? सगळ्यात जास्त रत्नागिरी जिल्ह्यातून, आणि त्याच्या जोडीला आपल्या कुलाब्यातून. आपला रायगड जिल्हा 1981 पर्यंत कुलाबाच होता. घाटावरून साताऱ्याची माणसं आली ती वेगळी.

आपल्याकडून माणसं जायला कारण काय, तर जमीन. सावित्रीच्या काठची थोडी खलाटी सोडली तर बाकी सगळा डोंगरउतार. भाताचं एकच पीक, वर नाचणी-वरी. त्यातही बऱ्याच गावांत खोती होती. पिकाचा अर्धा किंवा तिसरा वाटा खोताच्या घरी जायचा, वर वेठ करावी लागायची ती निराळी. खोती कायद्याने गेली ती 1949 च्या कायद्यानंतर. त्याआधी घरात भात येई, पण नाणं येत नसे. आणि मीठ, कापड, लग्न, सावकाराचं व्याज यांना नाणंच लागतं. ते नाणं मुंबईत होतं.

वाटेचं म्हणाल तर तेव्हा आपली वाट पाण्याची होती. सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदर, तिथून बाणकोट, आणि समुद्राने मुंबई. 1927 च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या दुसऱ्या परिषदेला आले तेही असेच, मुंबईहून पद्मावती बोटीने निघून 25 डिसेंबरला दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद असत. म्हणजे पावसाच्या तोंडाला माणूस मुंबईत असला तर लावणीच्या दिवसांत तो तुमच्या हाताशी नाही, हे नक्की. लावणी करणार कोण, हे वेगळं सांगायला नको.

इथे आपण जरा थांबू. कारण पुस्तकांत "कोकणातला पुरुष मुंबईला जाई आणि कुटुंब गावी ठेवी" असं एका वाक्यात लिहून पुढे जातात, जणू ती रीतच होती. रीत म्हटलं की प्रश्न संपतो. आम्हाला ती रीत वाटत नाही, तो हिशोब होता, आणि तो हिशोब बाईच्या जिवावर बसवलेला होता.

कसा ते बघा. गिरणीतला पगार एका माणसाच्या पोटापुरता आणि थोडं गावी पाठवण्यापुरता असे. त्यात चार माणसं मुंबईत जगवायची तर चाळीतली खोली लागते, रॉकेल लागतं, तांदूळ विकत लागतो. तेव्हा माणसं काय करत? एका गावचे दहा-पंधरा, कधी वीस जण मिळून एक खोली घेत. गावकीची खोली. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रात्रपाळीवाला आडवा होई. पेटी भिंतीला, वळकटी तिच्यावर. तिथे बाईला जागा कुठली? 1921 च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या पुरुषांची घरं दुसरीकडे कुठेतरी होती. त्यातली बरीच आपल्याकडे होती.

आता दुसरी बाजू. त्या गिरणी कामगाराची पोरं कोण वाढवत होतं? त्याचे म्हातारे आईबाप कोण बघत होतं? तो आजारी पडला, म्हातारा झाला, की त्याला भात कोण घालत होतं? गावातली त्याची बायको. राब भाजायचा, नांगराला माणूस मिळवायचा, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, गुरं, लाकूडफाटा, आणि उन्हाळ्यात विहिरीवर रात्री बसून हंडा भरायचा. हे सगळं ती करत होती म्हणून गिरणीमालकाला त्या माणसाला पुऱ्या संसाराचा पगार द्यावा लागत नव्हता. मुंबईच्या कापडात आपल्या पणजीचे श्रम आहेत, पण तिचं नाव कुठल्या मस्टरवर नाही.

टपालखात्याने मनीऑर्डर 1880 साली सुरू केली. त्यानंतर आपल्या भागाला पुढे सगळे "मनीऑर्डरवर जगणारा मुलूख" म्हणू लागले. आम्हाला हा शब्द फारसा आवडत नाही. मनीऑर्डर येई ती सणाला, देण्याला आणि मिठामिरचीला. रोजच्या ताटातला भात आणि भाकरी वरकसातून येई. आणि ती मनीऑर्डर तरी कुणाच्या हातात पडे? सही सासऱ्याची किंवा दिराची. ज्या बाईच्या नवऱ्याने पैसे पाठवले तिला किती आले हे कळायचं ते पोस्टमनने अंगणात मोठ्याने सांगितलं तर. पत्र आलं तर वाचायला दुसरा माणूस लागे, आणि नवरा-बायकोचं बोलणं आधी शाळामास्तराच्या कानांवर जाई.

तरी काही बाया गेल्याच. विधवा, टाकलेल्या, ज्यांच्या घरात जमीनच नव्हती अशा. गिरणीत बायांना काम असे ते मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याचं. पुढे रात्रपाळी बायांना बंद झाली. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे बाईच्या भल्याचे होते यात वाद नाही. पण तीन पाळ्या सुरू झाल्या, यंत्रं आली, आणि बाई महाग पडते असा हिशोब मालकांनी केला. गिरण्यांत बायांची संख्या घटत गेली.

गिरणीबाहेर मात्र बायांनी एक मोठा धंदा उभा केला, तो खानावळीचा. गावकीच्या खोलीत राहणाऱ्या माणसांना जेवण लागतं. चाळीतली एखादी काकी दहा-वीस जणांचा स्वयंपाक करी, महिन्याने पैसे घेई. धान्य उधारीवर, जेवणारे उधारीवर, मध्ये ही. संप झाला की हिचं येणं बुडे आणि वाण्याचं देणं राही. अशा खानावळवाल्या बायांना घेऊन प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण गटात बसून हातउसने आणि सावकार यांच्यातून सुटायची भाषा बोलतो. ती भाषा गिरणगावात आपल्याच कोकणातल्या आणि घाटावरच्या बाया पन्नास वर्षांपूर्वी बोलत होत्या. (या मंडळावर एक वेगळं भाषण करायचं आमच्या मनात आहे.)

सगळ्याच नोकऱ्यांत मात्र बायको मागे राहत नव्हती. दुसरी एक वाट होती, पलटणीची. आपल्या भागातले महार आणि मराठा सैनिक फार जुन्या काळापासून फौजेत होते. छावणीत सैनिकाला कुटुंब ठेवता येई, आणि सैनिकांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शाळा सक्तीची होती. सावित्रीपलीकडच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे रामजी सकपाळ यांचं मूळ गाव. ते पलटणीतल्या शाळेत शिक्षक होते, सुभेदार झाले. त्यांची नोकरी मध्य भारतात महूच्या छावणीत. कुटुंब त्यांच्यासोबत तिथे होतं, म्हणून बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 ला महूला झाला, आंबडव्याला नाही. रामजी निवृत्त झाल्यावर हे बिऱ्हाड दापोलीला आलं, तिथून साताऱ्याला. साताऱ्यात भीमाबाई वारल्या. मग मुंबई, परळची चाळ.

हा प्रवास आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाच. पण तो एका संसाराच्या नजरेने पाहिला तर काय दिसतं? दर काही वर्षांनी भांडी बांधायची, नवी वस्ती, नवी माणसं, पाणी कुठून भरायचं इथपासून सुरुवात. माहेर लांब. लहान मुलं पदरात असताना आई गेली तेव्हा पोरांना आत्या मीराबाईंनी सांभाळलं, त्या घरात होत्या म्हणून. आणि दुसरीकडे, हेच बिऱ्हाड गावी राहिलं असतं तर पोरांना शाळा कुठली मिळाली असती? बाप स्वतः शिकवणारा होता, घरात पुस्तकं होती. म्हणजे घर हलवण्यात जे गेलं तेही खरं आणि जे मिळालं तेही खरं.

ती वाटही पुढे बंद झाली. 1892 च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतली भरती थांबवली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेतून 1886 साली निवृत्त झालेले. त्यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, लेख लिहिले. आम्ही तो इतिहास शाळेत हक्काचा म्हणून शिकलो, पण तो संसाराचाही होता. भरती थांबली म्हणजे क्वार्टर गेलं, पोरांची शाळा गेली, बायकोला सोबत नेण्याची सोय गेली. मग उरली गोदी आणि गिरणी, म्हणजे परत गावकीची खोली.

मागे राहण्याचा अर्थ काय असतो हे रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. त्या दापोलीजवळच्या वणंदच्या. बाबासाहेब 1913 ते 1917 आणि पुन्हा 1920 ते 1923 परदेशात शिकत होते. त्या काळात मुंबईत घर रमाबाईंनी ओढलं. पैसा नाही, लेकरं आजारी. त्यांची लेकरं एकामागून एक गेली, एकच मुलगा, यशवंत, जगला. 27 मे 1935 ला त्या वारल्या. नवरा कितीही मोठ्या कामाला गेलेला असो, मागच्या बाईला चूल तीच आणि रात्र तीच.

आणखी एक वाट सांगतो, फार लांबची. मॉरिशस. तिथल्या उसाच्या मळ्यांत 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. त्यात मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसंही होती. तिकडे जाणं म्हणजे परत येणं जवळपास नाहीच. सुरुवातीला पुरुषच जास्त गेले, पुढे सरकारने जहाजावर बायकांचं ठराविक प्रमाण हवं असा नियम केला. संसार तिकडे झाले म्हणून आज तिथे मराठी घरं आहेत, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. गाव मात्र सुटलं ते सुटलं. मुंबईचा चाकरमानी शिमग्याला पालखीखाली खांदा द्यायला आणि गणपतीला आरतीला आला, कारण त्याचं घर इथे होतं आणि त्यात कुणीतरी दिवा लावत होतं.

तो दिवा किती कामाला आला ते चार वेळा दिसलं. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत शहरातली जवळजवळ अर्धी माणसं बाहेर पडली. 1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्यांचा संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, त्यातले कितीतरी गावी येऊन राहिले. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो संप कधी मिटला असं सांगताच येत नाही, कारण तो मिटलाच नाही, गिरण्याच मिटल्या. तेव्हाही पेटी उचलून माणसं गावी आली, आणि त्यातली काही परत गेलीच नाहीत. चौथी वेळ आपण डोळ्यांनी पाहिली, 2020 च्या मार्चची टाळेबंदी. मुंबई-गोवा महामार्गाने माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत आली.

चारही वेळा गावाने माणसं सांभाळली असं म्हणतात. गाव म्हणजे कोण? ज्या घरात एका माणसाचा भात शिजत होता तिथे सहा जणांचा शिजवणारी कोण? 1982 नंतर कितीतरी घरांत हाताला काम नसलेला, चिडलेला, कधी दारूला लागलेला माणूस बसून होता. त्याचं दुःख खरं होतं, त्यावर नाटकं झाली, सिनेमे निघाले. त्याच्या समोर ताट सरकवणारीवर काही निघालं नाही.

म्हणून "गावचं घर म्हणजे विमा" हे आम्ही मानतो. फक्त त्या विम्याचा हप्ता कोण भरतं हेही सोबत लिहून ठेवावं म्हणतो.

आणि तो विमा आता पहिल्यासारखा पक्काही राहिलेला नाही. 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. 22 जुलै 2021 ला तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. नोकरीसाठी बाहेर असलेली माणसं वाचली आणि परत आली तर घराच्या जागी चिखल. ही माणसं आपल्याच तालुक्यांतली आहेत, आम्ही त्यावर जास्त बोलत नाही. एवढंच की, "बाई-पोरं गावात सुरक्षित" असं डोळे मिटून म्हणायचे दिवस गेले.

आता आजच्याकडे येऊ. काय बदललं? रस्ता झाला, एसटी आली, 1993 मध्ये रोह्याहून वीरपर्यंत रेल्वे आली, 1998 च्या जानेवारीपासून ती थेट मंगळूरपर्यंत धावू लागली. एमआयडीसी महाडातच आली, त्यामुळे मधली वीस-पंचवीस वर्षं बऱ्याच घरांत नवरा रोज रात्री घरी येतो हे सुख आपल्या पिढीने पाहिलं. आपल्या सासवांनी ते पाहिलेलं नव्हतं. म्हणूनच आता बाहेरच्या राज्यातली बदली जास्त टोचते.

आमच्या एका गटातल्या वहिनींचं उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. मालक कारखान्यात ऑपरेटर, विशाखापट्टणमला बोलावणं. मोठी मुलगी नववीत, मुलगा चौथीत. सासू सत्तरीची, डोळ्यांनी अधू. दोन गुरं, अर्धा एकर लावणीची जमीन दिरासोबत सामाईक, आणि गटाचं कर्ज निम्मं फिटलेलं. मालक म्हणाले सगळे जाऊ. सासू म्हणाली मला इथून उचलू नका. वहिनी बैठकीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला कोणी विचारलंच नाही, पण उत्तर माझ्याकडूनच पाहिजे सगळ्यांना."

आम्ही दोन बैठका त्यावर घातल्या. सल्ला दिला नाही, कारण सल्ला देऊन आम्ही आपापल्या घरी जेवायला जाणार. माहिती मात्र गोळा केली, ती तुमच्याही उपयोगाची आहे.

मुलीची शाळा सगळ्यात नाजूक निघाली. नववी-दहावीत मराठी माध्यमातून तेलुगू किंवा इंग्रजीत टाकणं म्हणजे पोरीची दोन वर्षं पणाला लावणं. शिवाय महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशासारख्या ठिकाणी राज्याच्या कोट्याला दहावी-बारावी इथूनच झालेली मागतात. आरक्षणातल्या घरांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं, आपल्या राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. हे अनेकींना ठाऊक नव्हतं. चौथीतल्या मुलाची गोष्ट निराळी, लहान पोरं भाषा सहा महिन्यांत उचलतात.

रेशनचं बरं आहे. 2019 पासून टप्प्याटप्प्याने आलेली एक देश एक रेशनकार्ड योजना 2022 पर्यंत सगळ्या राज्यांत लागू झाली. कार्ड आधारला जोडलेलं असेल तर गेलेली माणसं तिकडे आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतात आणि राहिलेली इकडे. नाव कापायची गरज नाही. कापून घ्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेत असतील तर 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात विस्थापन भत्ता आणि जाण्यायेण्याचं भाडं ठेकेदाराने द्यायचं असं लिहिलेलं होतं. तो कायदा आता नव्या श्रम संहितेत घेतला आहे आणि प्रवासभाड्याची गोष्ट तिथेही आहे. तेव्हा कागद मागायचा. तोंडी "सगळं करू" याला अर्थ नाही. पीएफचा यूएएन नंबर बदलत नाही, तो बाईनेही आपल्या वहीत लिहून ठेवायचा, वारस म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघायचं.

मग जमीन आणि घर. वहिनींचं नाव ना सातबाऱ्यावर ना घरपट्टीच्या उताऱ्यावर. आपण राहिलो तर कसणार आपण, नाव दुसऱ्याचं. आपण गेलो तर पाच वर्षांनी परत येताना उभं कुठं राहायचं? घरपट्टीच्या उताऱ्यावर दोघांचं नाव लावून घ्या, हे मात्र आम्ही स्पष्ट सांगितलं, मग जा की राहा. यावर मालकांची थोडी धुसफूस झाली, मग त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला.

शेवटी एक गोष्ट आम्हीच विचारली, जी अर्जात कुठे नसते. तिकडे गेल्यावर वहिनी दिवसभर काय करणार? इथे त्या गटाच्या हिशोबनीस आहेत, बँकेत साहेबांसमोर बसून बोलतात, पापडाची ऑर्डर घेतात. तिकडे बाराच्या खोलीत, भाषा येत नाही, नवरा पाळीला. गिरणगावातल्या काकीला निदान चाळीत गाववाली होती. उलट बाजूही एका तरुण सुनेने बोलून दाखवली: सासर-दीर-भावकी यांच्यापासून सुटका म्हणून तिला तर उद्या जायचंय, आंध्र काय नि आसाम काय! सगळ्या हसल्या, पण ती गंमत नव्हती. काही बायांना लांब जाण्यातच पहिल्यांदा आपली चूल मिळते, हेही मान्य करायला हवं.

वहिनींनी ठरवलं ते असं. मालक एकटे पुढे गेले. पगार वहिनींच्या खात्यावर येतो, खर्चाचे त्यांना इथून जातात. म्हणजे पणजीच्या काळच्या मनीऑर्डरची दिशा तेवढी उलटी झाली. दिवाळीच्या सुट्टीत वहिनी पोरांना घेऊन महिनाभर तिकडे राहून बघणार आहेत: पाणी, शाळा, शेजार, बाजार. मुलीची दहावी इथेच होणार. त्यानंतर पुन्हा घरात बोलणं होईल, आणि तेव्हा सासूबाईंनाही विचारलं जाईल असं त्यांनी आम्हाला सांगितलं. सासूबाईंचा नवरा तीस वर्षं लालबागला होता, त्यांना या विषयात कमी कळत नाही.

आम्हाला या सासूबाईंसारख्या आज्यांचं बोलणं नोंदवून ठेवायचं आहे. तुमच्या वाडीत मुंबईच्या चाळीत राहून आलेली, खानावळ चालवलेली किंवा तीस-चाळीस वर्षं गावी एकटीने शेत ओढलेली कोणी आजी असेल तर तुमच्या सीआरपी ताईंना कळवा. आम्ही रेकॉर्डर घेऊन घरी येऊ. भातकापणी सुरू व्हायच्या आत झालं तर बरं, मग कुणालाच बसायला वेळ नसतो.